केर्स्टिन एका ओळीत

लाइपझिग, ४ मे २०१४

प्रिय केर्स्टिन,

कशी आहेस? ब्रेमेनचा वारा अजून कान कापतो का? इथे सगळं ठीक. बाबांचा गुडघा कुरकुरतो आणि बाबा गुडघ्याहून जास्त कुरकुरतात. बागेत मुळे वर आलेत.

मोठी बातमी म्हणजे बाबांनी पुस्तक लिहिलंय. छापखान्याच्या आठवणी, ऐंशीव्या वाढदिवसाला वाटण्यासाठी. पानं मी लावतोय, कॉम्प्युटरवर. हो, त्याच यंत्रावर, ज्याचं नाव काढलंस म्हणून तुमचं वाजलं होतं. ‘कॉम्प्युटर आले, शिशाच्या अक्षरखिळ्यांचे दिवस संपले, बाबा, छापखाना विका,’ असं तू म्हणालीस आणि घर सोडून गेलीस. असो. तो विषय मला काढायचा नव्हता.

पहिलं पान काढलं तर ओळीच्या टोकाला आपले शब्द भलतीकडेच तुटलेले. यंत्र इंग्रजीच्या नियमाने तोडत होतं. बाबा पोट धरून हसले. मग मी जर्मन शब्द तोडायचे नियम त्यात बसवले, आता लागलेले नवे. सगळं सुतासारखं सरळ झालं. चौथ्या पानापर्यंत.

तिथे बाबांनी लिहिलंय, ‘या टेबलाशी स्टुलावर उभी राहून खिळ्यांनी स्वतःचं नाव जुळवायला शिकली ती माझी मुलगी केर्स्टिन.’ नाव नेमकं ओळीच्या टोकाला आलं. वर ‘केर्स्’, मग आडवी रेघ, आणि खालच्या ओळीत ‘टिन’.

“माझ्या मुलीची खांडोळी कुणी केली?” बाबा ओरडले. ‘माझी मुलगी’ हे त्यांच्या तोंडून ऐकून किती वर्षं झाली, तूच आठव.

“नवा नियम आहे, बाबा. आता ‘स’ आणि ‘ट’ वेगळे केलेले चालतात.”

“शाळेत छडी बसायची त्यासाठी! काढ तो नियम.”

“सरकारी आहे.”

“सरकारने खेळवलंय का तिला अंगाखांद्यावर?”

काढला. जुना बसवला. बाबा खूश, कारण ‘फेन्स्टर’, म्हणजे खिडकी, हा शब्द पुन्हा त्यांच्या शाळेसारखा ‘फेन्’वर तुटू लागला. तुझं नाव मात्र आता ‘केर्’ आणि ‘स्टिन’ झालं. नियमाने अगदी बिनचूक. बाबांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

“तोडायचंच नाही तिला,” ते हळूच म्हणाले. “आधी एखादा शब्द घाल. नाव खाली ढकल.”

“कोणता घालू?”

“हट्टी.”

‘माझी हट्टी मुलगी’ केलं. नाव अखंड खाली गेलं, पण वरची ओळ विरळ झाली, शब्दाशब्दांत फटी. त्यांची जुनी खोड तुला ठाऊक आहे, फट दिसली की जेवण गोड लागत नाही.

“भरायला काहीतरी सांगा,” मी म्हणालो.

त्यांनी बोटाने फट मोजली. मग म्हणाले, “लिही. ‘जिचं म्हणणं बरोबर होतं ती.’” आणि लगेच, “जागा भरायला हो! दुसरं काही नाही.”

ओळ काठोकाठ भरली, केर्स्टिन. एवढी सुरेख ओळ मी अख्ख्या पुस्तकात लावली नाही. माझे डोळे भरून आले, म्हणून मी मुळे बघायला बाहेर गेलो.

आता तुलाच सांगतो. एखादा शब्द ‘तोडू नको’ असं यंत्राला बजावायची सोय आहे. एवढंसं काम. मला ती पहिल्यापासून माहीत होती. बाबांना मी सांगितलं नाही, तूही सांगू नकोस.

वाढदिवस पंचवीस तारखेला, रविवारी, बागेत. आयरशेके केक मी भाजणार आहे, म्हणजे मधोमध खचणार. ये म्हणून आग्रह करत नाही. पण चौथं पान सोबत पाठवतोय. बाकी पुस्तक छापायला गेलं, हेच राहिलंय. बाबा म्हणतात, आधी तिने वाचून इथे येऊन हो म्हणावं, मगच छापायचं.

तुझ्या ‘हो’साठी छपाई अडवून बसलेला,
फोल्कमार