दोन जावा, एक मानधन

१ जुलै, मंगळवार
जीपमध्ये आज पुढची सीट मिळाली. उस्मानपुऱ्यापासून वाळूजपर्यंत पाय मोकळे सोडून बसले. दिवस चांगला जाणार असं वाटलं आणि गेलाही. शाळेत दुपारी मटकीची उसळ आणि भात. मुलांना वाढण्याआधी मुख्याध्यापकानं, कागदावर मु.अ.नं, स्वतः चव घ्यायची असा नियम आहे. इतक्या वर्षांच्या नोकरीत हा एकच सरकारी नियम मी मनापासून पाळत आले. आज दोनदा पाळला.

चुलीपाशी नेहमीचं. लताबाई तांदूळ धुता धुता मला म्हणाल्या, "मॅडम, त्यांना सांगा, तांदूळ उद्यापुरताच हाय." 'त्या' म्हणजे कौसाबाई, दोन हात अंतरावर उभ्या राहून उसळ ढवळत होत्या. मी सांगितलं. कौसाबाई म्हणाल्या, "तिला सांगा, मला डोळे हायत." सख्ख्या जावा. कौसाबाई थोरली, लताबाई धाकटी. एकमेकींशी बोलून सहा वर्षं होत आली, आणि रोज एकाच चुलीवर रांधतात. भांडणाचं कारण साडी. कौसाबाईंच्या लेकीच्या लग्नात लताबाईंना आहेराची साडी दिली, ती निघाली लताबाईंच्याच आईनं कधीकाळी कौसाबाईंना नेसवलेली. लग्नघरची घाई, ट्रंकेतून जी हाताला लागली ती दिली असणार. पण आहेर फिरवायचाच तर निदान घराबाहेर तरी फिरवावा!

३ जुलै, गुरुवार
वरून पत्र. खर्चात काटकसर. आमचा पट बघता यापुढं एकच स्वयंपाकीण. मागच्या वर्षापर्यंत दोन पोरं इकडंतिकडं असली तरी कुणी विचारत नव्हतं, आता मोजून घेणार. अठरा तारखेपर्यंत एकीचं नाव कळवा. खाली नेहमीचं वाक्य, विलंब झाल्यास मु.अ. जबाबदार. म्हणजे मी.

मुलांच्या जेवणातलं बुधवारचं अंडं काटकसरीत आधीच गेलं. आता अंडी उकडणारी जाणार.

कदम सर (शाळेत शिक्षक दोनच, ते आणि मी) म्हणाले, "चिठ्ठ्या टाका, कुणाचे शिव्याशाप नकोत." शिव्याशाप त्यांना कुठं बसणार आहेत? आज चुलीवर लापशी होती, वेलदोड्याचा वास अंगणभर. दोघींना पत्राचं सांगवलं नाही.

५ जुलै, शनिवार
अर्धी शाळा. उतरताना मेथी घेतली. घरी आले तर प्रज्ञा आधीच येऊन बसलेली. लेक माझी एम.ए., सगळ्या परीक्षा पास, कॉलेजात शिकवते पण तासांवर. कायम जागा भरणं बंद आहे. आज कळलं, तेही तास कमी केले. कारण तेच, काटकसर. पोरगी हसून सांगत होती, म्हणून मीही हसून ऐकलं. 

हे म्हणाले, "घरात दोन मास्तरणी, दोघींच्या मागं एकच कात्री." हे वाळूजच्या कंपनीतून निवृत्त. पेन्शन एवढीशी की तिच्यावर कात्री चालवायलाही जागा नाही. मग धपाटे झाले, ठेचा झाला, दह्यावरून बापलेकीचं भांडण झालं. आमचं बरं चाललंय. हे उगाच लिहीत नाही, खरंच बरं चाललंय. सासरे म्हणायचे, शिकलेल्या घरात एक वेळ अडचण येते, उपासमार येत नाही. त्या दोघींच्या घरांचं तसं नाही.

७ जुलै, सोमवार
चुलीपाशी जाऊन दोघींना सांगितलं एकदाचं.

 मग कौसाबाई, "तिला सांगा, मी पहिल्यापासून हाय. ती मागनं आली." लताबाई, "त्यांना सांगा, पातेलं उतरवताना गुडघे काय म्हणत्यात ते बी सांगा मॅडमला." "तिला सांगा, माझे गुडघे माझ्यापाशी." मी मधे उभी. दोघींना सगळं ऐकू येतंय आणि तरी दोघी माझ्या तोंडाकडं बघतायत, मी पोचवावं म्हणून. शेवटी म्हटलं, मला वर्गात काम आहे.

काम नव्हतं. वर्गात जाऊन फळा पुसत बसले. कौसाबाईंच्या घरचं तेल-मीठ आणि मालकांच्या बीपीच्या गोळ्या याच मानधनावर. लताबाईंचा मुलगा संभाजीनगरला आयटीआयला, त्याचा डबा यातनंच. कुणाचं नाव खोडू? मला हे काम नको आहे. कुणी मला विचारलंही नाही हवंय का.

९ जुलै, बुधवार
दोन मुलं मिळाली तर पट भरतो आणि दोघी राहतात. म्हणून शाळा सुटल्यावर कदम सरांच्या गाडीवर वाळूजकडच्या कामगारांच्या खोल्यांकडं गेलो. एक पोरगी मिळाली, तिसरीची. आई-बाप लांबच्या जिल्ह्यातून आलेले, दाखला गावाकडं. मी म्हटलं, दाखल्याचं नंतर बघू, उद्यापासून ये.

दुसऱ्या खोलीत एक मुलगा. त्याचं नाव इंग्लिश शाळेत टाकायचं ठरलेलं. त्याच्या आईला मी पुस्तकं फुकट, गणवेश फुकट, दुपारचं ताजं जेवण, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अंडं देता का अजून?"

"सध्या नाही."

"मग तिथं टाय तरी देत्यात."

जीपमध्ये आठवून आठवून हसले. शेजारची बाई सरकून बसली.

१० जुलै, गुरुवार
आषाढी पौर्णिमा. संध्याकाळी विहारात, वर्षावास सुरू. वंदना म्हणताना तोंडात गाथा आणि डोक्यात कौसाबाई. खीर छान होती. नवी पोरगी शाळेत आली, दोनदा भात घेतला. अजून एक मूल कमी.

१२ जुलै, शनिवार
उरलेलं एक मूल मिळालं नाही. कदम सर आणखी दोन वस्त्या फिरून आले. जी मुलं आहेत ती वयात बसत नाहीत, एक तर अजून रांगतं. सर म्हणाले, "मॅडम, कागदावर एक नाव वाढवू का? कोण मोजायला येतंय?" नको म्हटलं. खोट्या नावाखाली सही माझी, उद्या कात्री माझ्यावरच यायची.

मग सरांचाच दुसरा सल्ला घेतला. सोमवारी एकटी कौसाबाई, मंगळवारी एकटी लताबाई. बघू कुणाला एकटीला झेपतं. निदान नाव देताना मला काही कारण राहील.

१४ जुलै, सोमवार
एकट्या कौसाबाई. आमटी-भात. वेळेत झालं, गुडघेही निभावले. मी चव घेतली. पुन्हा घेतली. तिखटाचा पत्ता नाही. फोडणीत मोहरी, हळद, वर मीठ बरोबर, पण आमटी आजाऱ्याच्या पेजेसारखी. मुलांनी तोंडं वाकडी केली. विचारलं तर कौसाबाई स्वतःच चमकल्या. "तिखट ती टाकती."

कधीपासून?

"बोलणं बंद झाल्यापास्नं. दोघींनी टाकलं तर पोरं भाजतील. कुणी टाकलं न् कुणी नाय ते इचारायचं कसं? म्हणून वाटूनच घेतलं."

हे वाटून घेतलं तरी कसं, ते विचारलं. कौसाबाई पातेलं घासायला लागल्या.

१५ जुलै, मंगळवार
एकट्या लताबाई. खिचडी लालबुंद, वास असा की कदम सर वर्ग सोडून ताट घेऊन आले. मीठ नाही! कणभर नाही. लताबाई कपाळावर हात मारून घेत म्हणाल्या, "घरी टाकते की हो मी! इथं हातच जात न्हाई मिठाच्या डब्याकडं, तो त्यांच्या बाजूला अस्तो."

मुलांना ताटात वरून मीठ वाढलं. कितीतरी दिवसांनी एवढी हसले की डोळ्यांतून पाणी. सरकार म्हणतंय एकच स्वयंपाकीण. बरोबरच आहे. या दोघी मिळून एकच स्वयंपाकीण होते.

१६ जुलै, बुधवार
ठरवलं. नाव एकीचं पाठवायचं, रांधायचं दोघींनी, मानधन निम्मं-निम्मं. पैसे जिचं नाव तिच्या खात्यात पडणार. शाळेत देणंघेणं नको, कुणी बघितलं तर माझ्या नोकरीवर यायचं. तेव्हा तिनं दर महिन्याला दुसरीच्या घरी नेऊन द्यायचे. दोघींनी ऐकून घेतलं. नाही म्हटलं नाही. मी खूश.

घरी ऐटीत सांगितलं. हे म्हणाले, "झकास." प्रज्ञा भाकरी मोडता मोडता थांबली. म्हणाली, "आई, तू सरकारचंच काम केलंस की. दोघींची मेहनत, एकीचे पैसे. कॉलेजात आमचं हेच करतात, आणि वर म्हणतात तुमच्यासाठी केलं."

मला राग आला. तिचा नाही, ती खरं बोलली याचा. म्हटलं, मग काय करू, एकीला घरी बसवू? ती म्हणाली, "ते मला पण माहीत नाही." मग उठून तिनंच माझ्या ताटात भाकरी वाढली. न्याय नाही झाला, हे मला कळतं. पण उद्या चूल दोघींनी पेटवावी एवढंच आज माझ्या हातात आहे.

१७ जुलै, गुरुवार
आता नवीनच.

सकाळी लताबाई वर्गाच्या दारात. "मॅडम, नाव त्यांचंच घाला." मला गहिवरून आलं. धाकटी जाऊ, थोरलीचा मान ठेवतेय. म्हटलं, किती मोठं मन तुमचं. त्या म्हणाल्या, "मन कशाचं? माझं नाव घातलं तर दर महिन्याला मला त्यांच्या दारात जावं लागंल. मी नाय जायची."

दुपारी कौसाबाई. "मॅडम, तिचं नाव घाला." का? "मी थोरली. मी तिच्या उंबऱ्यावर जाऊ व्हय पैसे घिऊन? तिनं यावं."

गहिवर तिथंच विरला. गावात एका जागेसाठी दहा बाया भांडतील, आणि इथं दोघी जागा एकमेकींच्या पदरात टाकतायत, का, तर पायरी चढायला नको! म्हटलं, दोघींच्या पोटाचा प्रश्न आहे, साडीचा नाही. कौसाबाई शांतपणे म्हणाल्या, "पोटाचंच हाय मॅडम. नायतर कवाच काम सोडलं असतं, तिचं तोंड बघायला लागतंय म्हणून." मग पदर खोचून पुन्हा चुलीकडं गेल्या.

घरी यांना सांगितलं तर हे म्हणाले, तुझं नाव घाल, तुला दोघींकडंही जाता येईल. यांना चेष्टा सुचते. उद्या शेवटची तारीख.

१८ जुलै, शुक्रवार
कौसाबाईंचं नाव पाठवलं. थोरल्या, आणि आधीपासून आहेत. एवढंच कारण लिहिण्यासारखं होतं.  लताबाईंचं नाव आजपासून सरकारच्या लेखी कुठंच नाही, आणि त्या पलीकडं पोरांसाठी बटाटे चिरत होत्या.

दुपारी चुलीपाशी जाऊन सांगितलं. मधे वाटाणा-बटाट्याच्या रश्शाचं पातेलं, एका बाजूला ही, एका बाजूला ती. कौसाबाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मी एक पाऊल मागं सरले. मग झाकण ठेवलं, हात पुसले आणि रोजच्यापेक्षा मोठ्या आवाजात म्हणाल्या, "मॅडम, तिला सांगा, मी यीन पैसे घिऊन. पण उभ्या उभ्या देऊन जाईन. चहा घेणार नाय."

लताबाईंनी मान वर केली नाही. कोथिंबिरीवरची सुरी मात्र थांबली. "मॅडम, त्यांना सांगा, आमच्या घरातून बिगर चहाचं आजवर कुणी गेलं न्हाई. पैसे एखाद महिना नसले तरी चालतील, चहा घ्यावाच लागंल."

मी काहीच सांगितलं नाही. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. कुणीही "सांगा ना" म्हणालं नाही. रश्शाला उकळी आली, पातेलं उतरवायला दोघींनी दोन बाजूंनी फडकी धरली. पोरं ताटं वाजवायला लागली होती.

जेवणं झाल्यावर तालुक्याला फोन लावला. विचारलं, या महिन्याचं मानधन कधी पडेल? तिकडून उत्तर, "निधी नाही मॅडम. आला की पडेल."

कधी येईल?

"ते आम्हाला कुठं सांगतात?"

लताबाई जाताना विचारत होत्या, शाळेला किराणा देणाऱ्या दुकानदाराकडं चहापत्ती कुठली चांगली मिळते. म्हटलं, आत्ताच कशाला घेता, मानधनाला अजून वेळ आहे. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे की घरात." जीपमध्ये बसले तेव्हा कौसाबाई पुढं, लताबाई वीसेक पावलं मागं, अशा त्याच रस्त्यानं घरी चालल्या होत्या. एवढी वर्षं मानधन उशिरा आलं की मी दोघींना धीर धरा म्हणून सांगत आले. या वेळी मलाच धीर धरवत नाहीये.