फडक्यात पिळून पाहिलं

नांदेड,
८ फेब्रुवारी १९९८

प्रिय सौदामिनी,

तुझं पत्र मिळालं. अहमदपूरच्या तुझ्या शाळेत परीक्षांची गडबड असेल, त्यात तुझा तो खोकला. काढा घे आणि वर्गात ओरडू नकोस. मी बरा आहे, दमलोय एवढंच.

मुग्धाचे मार्क का घसरले, लातूरला जाऊन क्लासच्या सरांना भेटा, असं तू लिहिलंस. भेटून आलो. सांगतो.

आधी कारखान्याचं. तू म्हणशील, झालं याचं चिखलपुराण सुरू. पण ऐक. आमच्या तेलकट सांडपाण्याचा गाळ पिळून कोरडा करायचा, तर त्यात पॉलिमर घालावं लागतं. मग गाळाच्या गाठी होतात आणि पाणी सुटतं. नमुने बरेच आले होते. बीकरमध्ये ज्याच्या गाठी सगळ्यांत मोठ्या, टपोऱ्या दिसल्या, तेच मी पास केलं. पोती आली. कापडी पट्ट्यांच्या मशीनमध्ये गाळावर दाब पडला आणि मशीनवरचा साहेबराव ओरडला, "साहेब, हे तर फुटून राहिलं! कपडा लई माखला!" मॅनेजर म्हणाले, डोस वाढवा. वाढवला. सगळं बुळबुळीत झालं, कापडातून पाणीच जाईना. शेवटी परवा घरीच एकेक नमुना गाळात घातला आणि तू चक्का बांधतेस तसा गाळ फडक्यात बांधून मुठीत पिळला. बारीक, घट्ट गाठींचा जो नमुना मी नुसता पाहून बाजूला सारला होता, तोच टिकला. फडकं मुग्धाने धरलं होतं.

लिहून गेलो. हो, मुग्धा इथे आहे. मीच तिला घेऊन आलो.

तिचा क्लास तिसऱ्या मजल्यावर. खालून ट्रक गेला की बाक हलतात, आणि ही पेपर टाकून जिना उतरायची. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे ती औशाला तुझ्या भावाकडे होती. पोर ते विसरली, असं आपण धरून चाललो. मुली हसायला लागल्या तशी ती उतरायची थांबली. आता कोऱ्या पेपरसमोर ओठ मिटून बसून राहते. सर म्हणाले, "पोरगी हुशार हाय हो, जादा बॅच लावू." मला आमचे मॅनेजर आठवले आणि असा संताप आला की सांगता सोय नाही. तिची ट्रंक उचलून सरळ रिक्षात टाकली.

सौदामिनी, तिला डॉक्टर झालेलं पाहायची तुझी किती इच्छा आहे, मला ठाऊक आहे. माझीही होती. तरी मी तिला परत पाठवणार नाही. तुला न विचारता ठरवलं. रागव, पत्रात रागव, इथे येऊन रागव, पण फक्त माझ्यावर.

ती अजून धड जेवत नाही. काल ताटावर बसून विचारलं, "बाबा, आई मला घरात घेईल ना?"

तुझ्या वतीने हो म्हणून बसलेला,
रेणुकादास