पाचव्या गाण्याआधीचे अकरा सेकंद

९ जानेवारी
आयुष्य बदललं ते आज दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. प्रॅक्टिसच्या खोलीत हीटर बंद, बाहेर ग्लासगोचा जानेवारी. माझी बोटं गिटारवर चालेनात. स्ट्रूअन ड्रमवरून उठला, स्वतःचे हातमोजे काढले, मला दिले. दोन्ही. एक शब्द बोलला नाही. न बोलणाऱ्या माणसाचं प्रेम खोल असतं.
निश्चय: पहिला अल्बम पुरा व्हायच्या आत त्याला सांगायचं. तोंडावर.

१० जानेवारी
हातमोजे परत मागितले. आजीने विणलेत म्हणाला. म्हणजे काल मला घराण्याची वस्तू दिली होती.

१४ जानेवारी
बँडचं नाव ठरलं एकदाचं: 'नकोसे जावई'. तीन महिने लागले. आमच्यात पुढारी नाही. चौघांचं एकमत लागतं, हात वर म्हणजे हो, मूठ म्हणजे नाही; एकाने मूठ वर केली की विषय संपला. बेस वाजवणारी इशबेल म्हणाली, आपल्यात दोन बाया आहेत, जावई कसे? गाणारी मॉर्व्हन म्हणाली, माझ्या मैत्रिणीच्या आईला विचार, माझ्याइतका नकोसा जावई अख्ख्या स्कॉटलंडात सापडायचा नाही. मंजूर.
मग मी नियम मांडला. अल्बम एका खोलीत, एका दमात. माइक पहिल्यापासून शेवटपर्यंत चालू. जे होईल ते राहील. चौघांनी हात वर केल्याशिवाय एक सेकंदही कापायचा नाही. पंक म्हणजे खरं. किडलेलं उपटायला आपण काय डेंटिस्ट आहोत?
सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी डेंटल कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडलं, म्हणून. सोडलं नाही. त्याच्या पुढे निघून गेलो.

२१ जानेवारी
आईचा फोन. शेजारच्या मिसेस गिलेस्पीला ती अजून सांगते, लॉकी सुट्टीवर आहे. चौदा महिन्यांची सुट्टी! वर मला विचारते, निदान स्वतःचे तरी दात घासतोस ना? संतापून फोन बंद केला. पाच मिनिटांनी मीच लावला. रविवारी जेवायला काय आहे ते विचारायचं राहिलं होतं.

२ फेब्रुवारी, संध्याकाळ
आज रेकॉर्डिंग. सेंगा नावाची साठीची बाई आवाज बघते. आल्या आल्या म्हणाली, पोरांनो, असले छप्पन बँड बघितलेत मी, मुतायचं असेल तर आत्ताच जाऊन या.
नऊ मिनिटांत चार गाणी. तिसऱ्यात मॉर्व्हनने अख्खं कडवं गिळलं. चौथं संपलं. मॉर्व्हन पाणी प्यायला लागली, इशबेल तार जुळवत होती. म्हटलं, हीच वेळ. ड्रमवर वाकलो आणि म्हणालो: स्ट्रूअन, माझं तुझ्यावर प्रेम आहे. कॉलेजसुद्धा तुझ्यासाठी सोडलं. तुझं काय?
(कॉलेज सोडलं तेव्हा ओळख नव्हती. पण अंदाज होता.)
त्याने माझ्याकडे बघितलं. हसला. मान डोलावली. मग काठीवर काठी, टक टक टक टक, आणि पाचवं गाणं सुरू.
मान डोलावली! मी पाचवं गाणं पूर्ण चुकीच्या सुरात वाजवलं. कुणाला कळलं नाही. पंक आहे.

५ फेब्रुवारी
अजून काही बोललेला नाही. मुरवतोय.
मॉर्व्हनला ते गिळलेलं कडवं कापायचंय. मैत्रिणीची आई ऐकणार, म्हणेल हिला स्वतःचं गाणंही पाठ नाही. रडकुंडीला आली होती. स्ट्रूअन आणि इशबेलने हात वर केले. मी मूठ. नियम तो नियम. दगड आहेस तू, म्हणाली. कलावंताला ऐकावं लागतं.

११ फेब्रुवारी
स्ट्रूअनने सगळ्यांसाठी घरचा पाव आणला. कडेचा तुकडा मला दिला. मला कडेचा आवडतो हे लक्षात ठेवलंय! पाव इनेसने भाजला म्हणे. इनेस कोण, विचारलं नाही. असेल कुणी बेकरीवाला.

१६ फेब्रुवारी
दोघांना पुरेल अशी खोली बघून आलो. खिडकी लागत नाही. दमलो. वाट बघण्यात एवढं अंग दुखतं हे ठाऊक नव्हतं. झोप नाही, भूक मात्र व्यवस्थित. त्याला घाई करायची नाही. (उद्या करावी का?)

२० फेब्रुवारी
कॅसेटी काढण्याआधी आज सगळ्यांनी सेंगाकडे बसून अल्बम ऐकला. चौघं एका सोफ्यावर, मी मुद्दाम त्याच्या शेजारी. चौथं गाणं संपलं आणि माझा आवाज आला. स्वच्छ. कॉलेजसकट. 'तुझं काय?' मग टक टक टक टक.
ड्रमचा माइक. माइक चालू असतात हे मीच ठरवलेलं.
इशबेलचा चहा तोंडातच राहिला. स्ट्रूअन लालबुंद. म्हणाला, लॉकी, हे तू मला म्हणालास? अरे, मी वाजवताना कानांत बोळे घालतो. मला वाटलं, सुरू करू का विचारतोयस.
मग हळू आवाजात म्हणाला, मी इनेसबरोबर राहतो रे. दोन वर्षं झाली. वाटलं, तुला माहीत असेल.
सेंगाने टेप थांबवली. अकरा सेकंद आहेत, म्हणाली, कापले तर कुणाला पत्ताही लागायचा नाही, करा हात वर. पहिला हात कुणाचा? मॉर्व्हनचा. मग इशबेलचा. मग त्याचा. तिघं माझ्याकडे असे बघत होते, जसं पाय मोडलेल्या कुत्र्याकडे बघतात. मॉर्व्हनने शिव्या घातल्या असत्या तर मी सुखाने हात वर केला असता.
मूठ वर केली.
वेड्या, म्हणाली ती, शंभर कॅसेटी निघणार आहेत, तुझी आई ऐकेल. म्हटलं, ऐकू दे. अख्ख्या अल्बममध्ये तेवढंच एक सुरात आहे.
मग स्ट्रूअन अगदी मनापासून म्हणाला, मग राहू दे, आवाज छान आलाय तुझा.
उठलो. कोट घेतला. असं दार आपटायचं की भिंत हलली पाहिजे. पण स्टुडिओचं दार, आतून गादी ठोकलेलं, कडेला रबर. ते आपटत नाही. बाहेर आलो, दोन्ही हात आणि खांदा लावून ढकलत राहिलो. सावकाश, जराही आवाज न करता, ते बंद झालं.