ढब्बूसाठी स्वस्त आणि खात्रीचा उजेड

३ फेब्रुवारी, सोमवार
आत्या आज डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे गेली. साडेतीन महिने तिकडेच. तिच्या घरच्या अकरा कुंड्या आता आमच्याकडे, माझ्या ताब्यात. दहा किरकोळ, जाड पानांची बसकी रोपं. अकरावा ढब्बू. गोल निवडुंग, फुटबॉलएवढा, पिवळ्या काट्यांचा. लग्नाच्या पहिल्या वर्षी आतोबांनी आणला तेव्हा संत्र्याएवढा होता म्हणे. मातीजवळ कमरेत जरा आवळल्यासारखा दिसतो. जातच तशी असावी.

आतोबा गेल्यापासून आत्या रोज सकाळी ढब्बूशी बोलते. जाताना एवढंच म्हणाली की बाकीची मेली तरी चालेल.

मी आठव्या वर्षापासून तिच्याकडे वाढलो. ती गणिताची शिक्षिका. आज मी बावन्न वर्षांचा आहे, आणि ती खोलीत आली की माझे हात आपोआप पाठीमागे जातात. हा आदर आहे. भीती नव्हे.

४ फेब्रुवारी, मंगळवार
आमच्या घरात ऊन येत नाही, समोर इमारत आहे. खालच्या मजल्यावरच्या टेलरबाई जिन्यात म्हणाल्या, माझ्या गॅलरीत दुपारपर्यंत ऊन असतं, खुशाल ठेवा कुंड्या. नम्रपणे नकार दिला. वीस वर्षं इलेक्ट्रिकच्या दुकानाचं काउंटर सांभाळतोय. उजेड हा माझा विषय! उन्हाचं काय, ढग आला की गेलं. बल्बला ढग येत नाही.

बायको म्हणाली, ऊन फुकट असतं. फुकट वस्तूला वॉरंटी नसते, हे तिला कोण सांगणार.

९ फेब्रुवारी, रविवार
आतल्या खोलीत छताला दोन एलईडी ट्यूब लावल्या. दुकानात परत आलेल्या मालातल्या, म्हणजे जवळजवळ फुकटच. मग दुकानाच्या रीतीने तपासणी केली. आम्ही गिऱ्हाइकाला खोक्यावरची बारीक अक्षरं चष्म्याशिवाय वाचायला लावतो. वाचता आली की उजेड पुरेसा. वीस वर्षांत या परीक्षेवरून एकही तक्रार नाही. ढब्बूशेजारी उभा राहून खोकल्याच्या बाटलीवरचं सगळं वाचलं, एक्स्पायरीसकट. पास.

(एक्स्पायरी होऊन गेली होती. तो वेगळा मुद्दा.)

आत्याचा फोन. ढब्बू कसा आहे म्हणाली. मजेत, म्हटलं. बायको खुणेनं सांगत होती की बसून बोल. पण उभं राहिलं की आवाज नीट जातो.

२ मार्च, रविवार
वाढ! दहाही रोपं चार-चार बोटं उंच. कमळासारखी जमिनीला टेकून बसली होती, ती आता मान वर काढून इकडेतिकडे बघतायत. आठवड्यातून दोनदा पाणी देतो, त्याचाही हातभार. ढब्बूच्या डोक्यावर तर फिकट हिरवी शेंडी आलीय, लिंबाला असते तशी.

आत्याला फोनवर अभिमानाने सांगितलं, ढब्बू वाढतोय. ती गप्प झाली. मग म्हणाली, किती? म्हटलं, चांगला बोटभर.  म्हणे तो वर्षाला जेमतेम नखाएवढा वाढतो.

आनंदाने गप्प झाली असणार. रात्री जेवण गेलं नाही. वांगं बाधलं असेल.

९ मार्च, रविवार
सहज फिरत फिरत नर्सरीत गेलो. नर्सरीवाल्या बाईंना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ही वाढ नाही म्हणाल्या, ही तडफड आहे. उजेड कमी पडला की झाड उजेड शोधत लांबत जातं, आणि एकदा लांबलं की तो भाग परत पहिल्यासारखा होत नाही.

मी बाटलीची परीक्षा समजावून सांगितली. शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, अहो, ढब्बूला बाटली वाचायची नाहीये.

महागडे दिवे नकोत म्हणाल्या. साधी पांढरी एलईडी ट्यूब चालते, पण डोक्यापासून वीतभर अंतरावर. रोज बारा तास, रात्री पूर्ण बंद. पाणी माती सुकल्यावरच. मी सगळं पावतीच्या पाठीवर लिहून घेतलं. परत आल्यावर मलाच माझं अक्षर लागेना. नर्सरीत टेकायला जागा नव्हती ना.

१० मार्च, सोमवार
विचार केला. बारा तास, वीतभर, हे सगळं सुरुवातीपासून करणाऱ्यांसाठी. माझा महिन्याभराचा उजेड तुंबलाय, तो एकदम भरून काढायला हवा. दुकानातल्या डिस्प्लेचा हॅलोजन आणला. ढब्बूच्या डोक्यावर चार बोटांवर धरून बांधला.

१० मार्च, पुन्हा. दुपारी
जळका वास. ढब्बूच्या शेंडीवर कोटाच्या बटणाएवढा तपकिरी डाग. हॅलोजन काढताना दोनदा हातातून निसटला. हॅलोजन गरमच होता तेवढा.

बायकोला सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. नुसती दारात उभी राहून बघत होती.

१६ मार्च, रविवार
आता अक्षरशः बाई म्हणाल्या तसंच. एक ट्यूब टेबलाच्या वर टांगली, पट्टीने मोजून वीतभर. पाठीमागे पांढरा पुठ्ठा, म्हणजे उजेड वाया जात नाही. टायमर सकाळी सात ते संध्याकाळी सात. हे मी पहिल्या दिवशीच करणार होतो.

आत्याच्या फोनच्या वेळी जिना उतरून दूध आणायला गेलो. घरात दोन लिटर होतं.

६ एप्रिल, रविवार
लांबणं थांबलं. नवीन काटे दाट आणि पिवळेधमक. पण शेंडी आहे तिथेच, डाग आहे तिथेच. नर्सरीतून दुसरा ढब्बू आणावा म्हटलं, तर त्यांच्याकडे सगळे संत्र्याएवढे. फुटबॉलएवढा व्हायला किती लागतील विचारलं. चाळीस वर्षं म्हणाल्या.

एक मोठा आधार आहे. आत्याचा डोळा. ऑपरेशननंतर लगेच काही सगळं स्वच्छ दिसत नाही. माणसाचं वयही असतं.

१३ एप्रिल, रविवार
आत्याचा फोन. म्हणे आता समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली बारीक अक्षरंसुद्धा चष्म्याशिवाय वाचता येतात.

फार आनंद झाला. कॅलेंडर केवढं मोठं आहे, ते विचारून घेतलं.

२७ एप्रिल, रविवार
आत्या ओरडेल, त्याचं मला काही नाही. तिच्या ओरडण्यावरच मोठा झालो. पण ती गप्प बसली तर? आतोबा गेले त्या दिवशी ती अशीच गप्प होती. माणसं येत होती, जात होती, आणि ती ढब्बूशेजारी स्टुलावर बसून राहिली होती. मी चहा घेऊन गेलो तर मला ओळखलंच नाही तिने. तसं पुन्हा झालं, आणि माझ्यामुळे झालं, तर मी कुठे जाऊ?

हे पान फाडून टाकायचं आहे.

१७ मे, शनिवार
आत्या उद्या येतेय. तयारी पूर्ण. छताला उरलेली ट्यूब काढली, टेबलावरची बंद केली, खोलीत अंधूक बरं दिसतं. ढब्बूचा डाग भिंतीकडे. सबबी पाठ केल्या. हवामान, व्होल्टेज, निवडुंगाचं वय. बायको म्हणाली, थरथरतोयस का? म्हटलं, पंखा पाचवर आहे.

पंखा बंद होता.

१८ मे, रविवार
आली. चप्पल काढली आणि सरळ आतल्या खोलीत गेली. दिवा लाव म्हणाली. लावला. माझे हात पाठीमागे.

तिने ढब्बूला भिंतीकडून फिरवलं. डाग पाहिला, शेंडी पाहिली. एक शब्द नाही. व्होल्टेज म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते असं, की आत्या, मीच केलं, दोन महिने मला धड झोप नाही.

मग तिने मला खाली वाकायला लावलं आणि मातीजवळची ती आवळलेली कंबर दाखवली. निवडुंगाची जातच तशी, असं नव्हतं. लग्नानंतरची पहिली खोली, तिला खिडकी नव्हती. आतोबांनी छताला एकच बल्ब लावला होता, आणि ढब्बू वाढतोय म्हणून बोळातल्या सगळ्यांना सांगत सुटले होते. ती त्यांच्याशी चार दिवस बोलली नाही. पुढे ढब्बू वर जाड होत गेला, कंबर तेवढी राहिली. रोज सकाळी ती त्या कमरेकडे बघूनच बोलते. हे सांगताना तिचं हसू थांबेना, आणि नव्या डोळ्यातून पाणीही.

नंतर शिक्षिकेच्या आवाजात म्हणाली, हात पुढे कर. बावन्नाव्या वर्षी केले. तिने हातांत कुंडी ठेवली. मी महिनाभर इथेच आहे, तोवर टेलरबाईंच्या गॅलरीत नेऊन ठेव म्हणाली, चार दिवस आडोशाला, मग उन्हात. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन ऑक्टोबरात आहे. तेव्हा कुंड्या थेट टेलरबाईंकडेच. त्यांच्याशी तिचं फोनवर मार्चमध्येच ठरलं होतं. माझ्या बायकोमार्फत.

अकरा खेपा केल्या. प्रत्येक खेपेला टेलरबाईंनी दार उघडून धरलं आणि काही बोलल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

घाबरलो होतो. पहिल्या दिवसापासून.

टेबलावर ट्यूबखाली आता फक्त खोकल्याची बाटली उरलीय. वीतभर अंतरावरून एक्स्पायरी फारच स्पष्ट दिसते.