दारातले बूट

बर्लिन, १४ नोव्हेंबर

प्रिय नुरानताई,

तुझ्या हाताला ओठ लावून तो कपाळी टेकवतो. तिकडे गावी, गिरेसूनला, थंडी पडली असेल, गुडघ्यांना लोकर बांधत जा. आई बरी आहे. मीही बरा आहे, जेवणखाण वेळच्या वेळी मिळतं.

बाबांना जाऊन चाळीस दिवस होतील त्या दिवशीच्या प्रार्थनेला मला गावी येता येणार नाही. कामाची सबब सांगितली असती, पण काम सुटलंय. पिवळी छत्री उंच धरून पाहुण्यांना आपल्या क्रॉयझबर्गच्या गल्ल्यांतून फिरवायचं आणि 'इथे तुर्की कामगार दाटीवाटीने राहायचे' हे सांगायचं, ते आता दुसरा कोणीतरी करतो. जुन्या हाणामाऱ्या लोकांना फार आवडायच्या. त्यांत बाबांचा जबडा फुटला ती जागा दाखवली की फोटो निघायचे. मीही रंगवून सांगायचो, पोट त्यावरच होतं.

बाबा गेले त्या दिवशी आईने रीतीप्रमाणे त्यांचे बूट इमारतीच्या दाराबाहेर ठेवले होते. पूर्वी असे बूट संध्याकाळपर्यंत कोणीतरी न्यायचंच. या वेळी बाबांना दफन करून आम्ही गावाहून परतलो तरी बूट तिथेच. गल्लीत गरजवंतच उरला नाही, ताई. भाडी झेपेनात म्हणून सगळे निघून गेले.

मग एका सकाळी मी पाहुणे घेऊन आपल्याच दाराशी आलो. बूट नव्हते. तळमजल्यावरच्या नव्या कॉफीच्या दुकानापुढे ते मांडले होते, दोन्हींत माती आणि लाल फुलांची रोपं. दुकानाचा मालक हेन्रिक त्यांना पाणी घालत होता. पाहुणे हसत फोटो काढू लागले.

"हे कुणाचे आहेत, ठाऊक आहे?" मी विचारलं.

"दारात पडले होते. वाटलं, फुकट न्यायला ठेवलेत," तो म्हणाला. "छान दिसतात ना?"

मी मिटलेली छत्री त्याच्या तोंडावर हाणली. तो खाली बसला तरी हाणत राहिलो. छत्री मोडली तेव्हा लाथा घातल्या. त्याचे दात फरशीवर पडले आणि, तुला खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. त्याचा डावा डोळा गेला. हे पत्र मी कोठडीतून लिहितोय.

आईने खिडकीतून सगळं पाहिलं. मंगळवारी खटला आहे. हेन्रिकने आधी हात उचलला असं तिने सांगितलं, तर थोडक्यात सुटशील, असं वकील म्हणतो. आई भेटायला आली तेव्हा मी तिला तसं म्हणालो.

"बूट कुणासाठी ठेवले होते मी?" तिने विचारलं.

"गरजवंतासाठी."

"नेईल त्याच्यासाठी. त्याने नेले. कोणी न्यावे आणि त्यांचं काय करावं हे ठरवायला गल्ली काय तुझ्या बापाची होती? बापाच्या नावाने दिलेलं दान, आणि घेणाऱ्याचाच डोळा फोडलास. मी पाहिलं तेच सांगणार."

ती उठून गेली. मला तिचा राग आला, अजून आहे.

तू तिला फोन करावास, तुझं ती ऐकते, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं होतं. पण तिने माझ्यासाठी खोटं सांगितलं, तर तिच्या हातचा घास मला कधी गिळवणार नाही. फोन करू नकोस. मंगळवारी तिच्याजवळ बसायला कोणी नाही, जमलं तर तेवढी ये.

आई ज्याच्याविरुद्ध साक्ष देणार आहे तो,
तुझा भाऊ
तुर्गाय