तळहातावरचे ठिपके

४ फेब्रुवारी

मोठ्या बाई माझे हात बघून ओरडल्या — "पुन्हा हातमोज्यांशिवाय?" दोन्ही तळहातांवर तांबूस ठिपके उठलेत. खाजत नाहीत, दुखत नाहीत. कापड रंगवायच्या कारखान्यात याचं कोणाला नवल? सुट्टी व्हायच्या आधी आम्ही सगळ्याजणी हात पुढे धरतो आणि कोणाचे जास्त बिघडले यावर खिदळतो. आज माझा पहिला नंबर!

७ फेब्रुवारी

फ्यूजने मलम आणून दिलं. (वायरमन आहे म्हणून फ्यूज. पटकन उडतो म्हणूनही.) लग्न ठरल्यापासून स्वारी फारच हळवी झालीय. माझा हात हातात घेऊन कितीतरी वेळ बघत बसला. म्हटलं, "भविष्य सांगतोस की काय?" हसलासुद्धा नाही.

१२ फेब्रुवारी

तळपायांवरही तेच ठिपके. पायात तर गमबूट असतात! म्हणजे हे रंगाचं नाही.

आंघोळ करताना एकदम आठवलं. थंडी सुरू होताना खाली, नको त्या जागी, एक छोटासा व्रण झाला होता. दुखत नव्हता. कोणाला दाखवला नाही, विचारलं नाही, आणि तो आपोआप गेला. किती खूश झाले होते मी! आता राहून राहून एकच वाटतंय, गेला म्हणजे कुठे गेला?

१३ फेब्रुवारी

निळं कापड लाल हौदात बुडवलं. बाईंनी सगळ्यांदेखत झापलं.

१७ फेब्रुवारी

आईला बाजारात जाते सांगून मोठ्या दवाखान्यात गेले. डॉक्टर बाई माझ्याहून फार मोठ्या नसतील. मी आपली रंगाचं पालुपद लावलं, तर म्हणाल्या, "चप्पल काढा." तळपाय बघितले आणि दार लोटून घेतलं.

"कोणाकोणाशी संबंध आलाय?"

कान तापले. फ्यूज. आणि त्याच्या आधी, जुन्या नोकरीतला तो शिलाईवाला.

"निरोध वापरता?"

"हो! थंडीपासून. त्यानेच हट्ट धरला." सांगताना केवढी मान ताठ झाली माझी.

"आणि त्याआधी?"

त्याआधी नाही. दुकानात मागायची लाज. आणि आपल्याच माणसाजवळ कसली भीती, असं वाटायचं.

रक्त घेतलं.

२० फेब्रुवारी

सिफिलिस. लिहून बघितलं. लिहिलं तरी खरं वाटत नाही.

"व्रण गेला म्हणून तुम्ही निर्धास्त झालात," डॉक्टर म्हणाल्या, "पण आजार अंगात होताच. वेळेत आलात. इंजेक्शनने बरा होतो. पुन्हा रक्त तपासायला मात्र या. आणि जोडीदाराला आणा — त्याला असेल तर त्याचेही हाल, आणि तुम्हाला पुन्हा होणार." एचआयव्ही नाही निघाला. तरी तीही तपासणी परत करायची आहे.

सुई कमरेत. डोळ्यांपुढे काजवे चमकले. घरी येईपर्यंत ताप चढला — येईल असं त्यांनी सांगितलंच होतं. आई कपाळावर पट्ट्या ठेवत म्हणत होती, "त्या मेल्या रंगानेच आजारी पडलीस." मी हो म्हटलं. रडू आलं ते तापावर ढकललं.

२३ फेब्रुवारी

शिलाईवाला सगळीकडे दिसतोय. हौदाच्या वाफेत, जिन्याच्या वळणावर, न्हाणीघराच्या आरशात. त्याचं ते शीळ घालत सुईत दोरा ओवणं. इतकी वर्षं आठवणही नव्हती, आणि आता सुटका नाही! कापड पिळताना मनात त्याचाच गळा पिळते. तरी परत येतो, शीळ घालत. दारू प्यायल्यासारखी चालते मी, मागे वळून बघत.

२५ फेब्रुवारी

फ्यूजला टाळलं. पोट बिघडलंय म्हटलं.

१ मार्च

ठिपके फिकटले. बायका विचारतात, "मलम कुठलं गं तुझं? आम्हालाही सांग की!" मी हसले आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं.

सांगितलं तर लग्न मोडेल. जाईना का, असं म्हणून बघितलं. नाही म्हणवत. तो हवाय मला. त्याचं ते बारीकसारीक वायरी सोडवत गुणगुणणं हवंय. पण गप्प बसले तर माझ्यापायी त्याच्या अंगात हे मुकाट वाढत राहील. उद्या आंधळा झाला तर? वेडा झाला तर? त्याचं वाटोळं करून त्याच्याच ताटात जेवू?

३ मार्च

दोनदा त्याच्या दारापर्यंत जाऊन परत आले.

४ मार्च

सांगितलं. त्याच्या जिन्यात बसून, सगळं — शिलाईवाल्यासकट. पाया पडायचीच बाकी होते. फ्यूज उडाला नाही. कोण, कधी, काही विचारलं नाही. खाली मान घालून एवढंच म्हणाला, "फार दुखते ना गं ती सुई? मला थंडीत दिली तेव्हा दोन दिवस बसता येत नव्हतं."