लांडगीचे पंचवीस पॉइंट्स

रविवार, ३ मार्च
लेकीच्या खेळात आज मला सोबती मिळाला. लांडगी. कागद, फासे आणि कल्पना, एवढाच खेळ. लेक गोष्ट रचते. मी, आमची ही आणि शेजारचे दंतवैद्य त्या गोष्टीत लढतो. २८ ला लेक परगावी नोकरीला निघणार आहे. त्या नोकरीला मी जानेवारीत खुळेपणा म्हणालो. तेव्हापासून आम्ही फक्त या टेबलावर बोलतो. ठराव : २८ च्या आत 'माझं चुकलं' म्हणायचं. दोन शब्दांचं काम.

मंगळवार, ५ मार्च
लांडगीचे आकडे तपासले. लिफ्ट तपासण्यात सव्वीस वर्षं गेली, आकडे मला फसवत नाहीत. मूळ पाच हिट पॉइंट्स, म्हणजे जीव, अधिक माझ्या लेव्हलच्या पाचपट. लेव्हल तीन, म्हणजे वीस. मी वाढलो की ती वाढते. रास्त आहे. पण मी माझा टर्न खर्चून हुकूम दिला तरच ती हलणार. नाहीतर अंग चोरून जागीच. हे साफ चूक. रविवारी मुद्दा मांडणार. तिच्या कागदावर नावाची रेघ कोरी ठेवली. नावाने पॉइंट्स वाढत नाहीत.

रविवार, १०
मुद्दा मांडला. पन्नास मिनिटं. दंतवैद्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं. लेक म्हणाली, नियम आहे तो आहे. मग दुसरा विषय काढायला वेळच उरला नाही. यात माझा दोष नाही.

रविवार, १७
लेव्हल चार! लांडगी पंचवीस. माझ्या तलवारीची सरासरी नऊ, लांडगीच्या चाव्याची सहा. टर्न तिच्यावर कशाला घालवू? लेक म्हणाली, "बाबा, एकदा तरी तिला हाक मारा." मी सरासरी पुन्हा समजावली. ही उठून आत गेली. हॉलमध्ये लेकीची बॅग येऊन पडली आहे. तिच्याकडे बघवत नाही.

रविवार, २४. दुपारी ३.४०
शेवटचा डाव. आज बोलणारच.

संध्याकाळी ७
राक्षसाने लांडगीला कोपऱ्यात गाठलं. तिचे चारच पॉइंट्स उरले. लेकीने दोनदा विचारलं, मागे बोलावता का? राक्षसाचे सात उरले होते. तलवार नऊ. मीच वार केला. फाशावर एक पडला, वार हुकला. लांडगी गेली.
लेकीने लांडगीचा कागद घडी करून माझ्यापुढे ठेवला. तेव्हा बोलता आलं असतं. मी फासा तपासायला मागितला.

गुरुवार, २८
टॅक्सीपाशी सांगणार होतो. पण डिकीत सामान ठेवायची ड्रायव्हरला अक्कल नव्हती, भार सगळा एका बाजूला. तो नीट करेपर्यंत ती आत बसली होती. घर फार मोठं वाटतंय.

शुक्रवार, २९. सकाळी ८.२०
लेकीचा फोन. मला, आईला नाही! काल दिवसभर नियमपुस्तक चाळलं ते कामी आलं. पान बेचाळीस : हुकूम दिला असता तर लांडगी मागे सरून वाचली असती. सगळं सविस्तर सांगितलं. बावीस मिनिटं. तिने एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाली, "बरं, बाबा. मी पोचले, एवढंच सांगायला फोन केला होता."

८.५०
ही विचारत होती, खोली कशी आहे, जेवली का, आवाज कसा होता. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. फोन हातात घेतला, ठेवला. आता ती कामात असेल.
रविवारी सांगतो. रविवारी आम्ही बोलतोच.